आदेश शोधून दाखवा

कुमुदताईंनी सचिवांना दिलेलं ते उत्तर आधी मला सुचलं होतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आता आठवणीवर तेवढा विश्वास नाही.

शासनाचे निर्णय निरनिराळ्या खात्यांच्या संकेतस्थळांवर विखुरलेले असत. आमच्या संस्थेतल्या बारावी पास कुमुदताई धोंगडे ते रोज उतरवून घेत आणि विषयवार लावत. डॉक्टरेट माझ्याकडे होती, पण ही कल्पना त्यांची, हे मला सलायचं.

एकदा आमच्या खात्याचे सचिव आले. "सगळं संकेतस्थळावर आहे. हे भंगार वेचणं कशाला? संग्रह बंद करण्याचा आदेश कालच तिथे चढवलाय."

कुणकुण आधीच लागली होती, म्हणून संग्रह वाचवायला मी चाळीस पानी टिपण लिहिलं होतं. त्यांनी ते उघडलंही नाही.

ताई म्हणाल्या, "करते की बंद, साहेब. तो आदेश तेवढा तिथे शोधून दाखवा."

"दोन मिनिटांचं काम!" म्हणत साहेब संगणकाशी बसले. चहा दोनदा निवला. शेवटी ते गाडीत जाऊन बसले. संग्रह वाचला. सगळे ताईंभोवती जमले, मी टिपण पिशवीत घातलं.

सात वर्षांनी, ताईंची एखादी तरी चूक सापडावी म्हणून मी त्यांचा संग्रह चाळला. बंदीचा आदेश त्यात होता. उतरवून घेतल्याची तारीख साहेब येण्याच्या आदल्या दिवसाची होती.