कापूर गेला कुठे?

एका डोंगरगावात देवीच्या कोठीची राखण एक करारी बाई करत असे. तिचे नाव गोजराबाई.

चैत्रात कारभारी विसाजीपंतांनी उत्सवासाठी शेरभर कापूर आणला. "घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू या," गोजराबाई म्हणाली. पंतांना मात्र नवी वेताची करंडी शोभिवंत वाटली. वैशाख संपता संपता, उत्सवाच्या सकाळी ती उघडली, तर तळाशी मूठभर खडे! कोठीची किल्ली एकट्या गोजराबाईकडे.

पंत चव्हाट्यावर गरजले, "चोर! देवीचा कापूर उडवलास!"

"उडवला नाही, उडाला!"

"पंख फुटले काय गं त्याला?" सारा गाव खो खो हसला.

पाटलांनी निवाडा दिला, "कबूल कर, माफ करतो. नाहीतर दिवस मावळायच्या आत गाव सोड."

एक 'हो' म्हटले की घर वाचत होते. शेजारणीने कोपराने ढोसलेही, "म्हण की गं!" पण न केलेली चोरी कबूल करायची? गोजराबाई कडाडली, "पाटील, आधी बघा, मग हाकला!"

तिने चुलीतली गरम राख मागवली. राखेवर वाटी, वाटीत कापूर, वर मोठी वाटी पालथी आणि त्या वाटीच्या पाठीवर ओले फडके. "वाटी तुमची, कापूर तुमचा, डोळेही तुमचेच!"

माणसे टाचा उंचावून पाहू लागली. घटकाभराने पंतांनीच वरची वाटी उचलली. खालची जवळजवळ रिकामी! आणि वरचीच्या आत पांढरेशुभ्र, चमचमते कण!

"अगं बाई, वर चढला की!" शेजारीण किंचाळली.

"तूप तापलं की पातळ होतं," गोजराबाई म्हणाली. "कापूर तेवढाही थांबत नाही. खड्याचा थेट वारा होतो, आणि गार लागलं की वाऱ्याचा पुन्हा खडा. वैशाखाच्या उकाड्यात करंडीच्या भोकांतून निसटताना त्याला अडवणार कोण?"

पाटील ओशाळले. पंत हळूच तिच्याजवळ सरकून कुजबुजले, "चुकलं माझं."

"ऐकू नाही आलं, पंत. 'चोर' तर पार वेशीपर्यंत ऐकू गेलं होतं!"

"मोठ्यानं, पंत!" पाटील म्हणाले.

मग पंतांना भर चव्हाट्यावर, घसा ताणून ओरडावे लागले, "गोजराबाई चोर नाही! चूक माझी!"

तात्पर्य: दिसेनासे झालेले सारेच चोरीला गेलेले नसते, वस्तूने रूप बदलले का, हे तपासल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये. आणि म्हटलेच, तर माफी कानात नव्हे, चव्हाट्यावर मागावी.