विचारायला बंदी

"हे नव्हे! पुसा!" राजा भुजंगसेन कडाडला.

महालाच्या नव्या भिंतीवरचा, सिंहासनात बसलेला राजा पुसला गेला. त्याआधी घोड्यावरचा पुसला होता, हत्तीवरचाही!

"महाराज, मग काढू तरी काय?" म्हाताऱ्या हरबा चिताऱ्याने हात जोडले.

"चितारी तू की मी? मला हवं ते काढ! पुन्हा प्रश्न विचारणारा हत्तीखाना झाडेल. सुरुवात तुझ्यापासूनच!"

हरबाचा कुंचला गेला, हाती झाडू आला.

दुसऱ्याच दिवशी त्याची मुलगी सगुणा दरबारात उभी राहिली. "महाराज, मी काढते चित्र. एकही प्रश्न विचारणार नाही. आपण फक्त समोर बसावं."

"बसतो! पण विचारलंस, तर बापाच्या जोडीला जाशील!"

सगुणाने महालातल्या त्या पुसलेल्या भिंतीपाशी जाऊन कोळसा उचलला. झरझर राजा काढला. कानापर्यंत मिशा, हातात उगारलेली तलवार!

"अगं, तलवार कशाला? घरात कुणाशी लढू?"

सगुणाने मुकाट्याने तलवार पुसून गुलाब दिला.

"फूल? छे! त्यापेक्षा गळ दे, मासे धरायचा!"

तिने गळ दिला आणि समोर हौद काढला.

"हौदात कुणी मासे धरतं का? नदी काढ! आमच्या आजोळची, खडकाळ!"

नदी आली. सगुणाने काठावर सिंहासन मांडलं.

"वेडी की काय! खडकावर बसव मला! पाय पाण्यात! मुकुट काढून टाक, मासे बिचकतील!" राजा उठून थेट भिंतीशी आला. "मिशाही पूस. तेव्हा, लहानपणी, मला मिशा कुठल्या? आणि शेजारी आमची आक्का हवी. मासा तिच्याच गळाला लागलेला... माझ्या नाही."

सगुणाने मिशा पुसल्या, खडकावर मुलगा बसवला, शेजारी आक्का काढली आणि तिच्या गळाला मासा लावला. राजा भिंतीच्या आणखी जवळ सरकला.

"हेच!" तो हळूच म्हणाला. "हेच हवं होतं मला." मग एकदम दचकला. "पण काही न विचारता तू सगळं काढून घेतलंस की माझ्याकडून!"

"विचारायला बंदी होती, महाराज," सगुणा म्हणाली. "चुकायला कुठे होती?"

राजा खो खो हसत सुटला. मागे जमलेला दरबारही हसला. हरबाला मानाने बोलावून कुंचला परत दिला गेला आणि राजवाड्याच्या साऱ्या भिंती सगुणाच्या हवाली झाल्या.

"रंग भरायला घे," राजा डोळे पुसत म्हणाला. "फक्त आक्काचा मासा तेवढा लहान कर!"