दौलूने दांडू बदलला

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा राजा कोण होता हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. एका डोंगराला लागून दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. दोन्हींच्या मधे पठार होतं आणि पठारावर गवताचं मोठं कुरण. ते कुरण कुणाचं, यावरून पूर्वी पुष्कळ डोकी फुटली होती. म्हणून जाणत्या माणसांनी एक रीत घालून दिली. पावसाळा सरला की दोन्ही गावांचा एकेक गडी विटीदांडू घेऊन पठारावर यायचा. ज्याची विटी लांब जाईल, त्याच्या गावाची गुरं त्या वर्षी कुरणात चरायची. मारायची संधी तीनदा मिळायची. समोरच्यांनी विटी वरच्यावर झेलली, तर मारणारा बाद.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ही गोष्ट सांगताना माझं डोकं दर वेळी तापतं. तुमचंही तापलं तर तापू द्या.

खालच्या गावाकडून दौलू खेळायचा. अंगाने किरकोळ, खांदे तर नावालाच. पण मनगट मोठं चलाख होतं. खळगीवर आडवी ठेवलेली विटी तो टोकावर हलकेच टिचकायचा. ती जेमतेम गुडघ्याइतकी उडायची आणि दौलू तिला मनगटाच्या एका झटक्याने हाणायचा. विटी जमिनीलगत, झेलायला उभ्या असलेल्यांच्या पायांमधून सुसाट निघून जायची. अशा विटीला झेलणार कोण? त्याचा दांडू कडुलिंबाच्या फांदीचा, बारीक आणि हलका होता. त्याच्या खेळाला तो असा बसला होता की दोन्ही वेगळे काढता येऊ नयेत. कुरण कित्येक वर्षं खालच्या गावाकडेच होतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. गावाभोवती गवताची काडी उरली नाही, जे काही हिरवं होतं ते पठारावर. आणि नेमकं त्याच वर्षी, खेळाच्या आधीच्या बाजारात, दौलूला हैबती भेटला.

हैबती हा वरच्या गावाचा खेळाडू. आडव्या अंगाचा, हसऱ्या तोंडाचा, आणि दर वर्षी दौलूकडून हरणारा. भर बाजारात त्याने दौलूच्या काखेतल्या दांडूकडे बोट दाखवलं.

"का रं दौलू, ह्यो दांडू म्हनायचा का ताकाची रवी?"

लोक हसले.

"वाईट वाटून घेऊ नगंस, गड्या," हैबती म्हणाला. "ज्याला जेवढं पेलतं तेवढंच त्यानं उचलावं. जड दांडू काय सगळ्यांच्याच नशिबात असतोय व्हय?"

दौलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच रवीने तुला दर वर्षी घुसळलाय, एवढं म्हटलं असतं तरी बाजार उलटा हसला असता. पण अशी उत्तरं माणसाला घरी पोचल्यावर सुचतात. तो तडक निघाला तो थेट तालमीत गेला.

तालमीच्या भिंतीवर एका जुन्या पहिलवानाचा खैराचा दांडू टांगलेला होता. पहिलवान गेला तरी त्याच्या फटक्याच्या गोष्टी गावात चालू होत्या. तो खांद्यातून मारायचा आणि विटी झाडांच्या शेंड्यावरून जायची, असं सांगत. दौलूने तो दांडू खाली काढला. एका हाताने उचलताना त्याचा दंड थरथरला. पण रागावलेल्या माणसाला आपला दंड दिसत नाही.

पंच मंडळी खूश झाली. "आता कसं, आता शोभंल," ती म्हणाली. शोभायला ते काय लग्न होतं? इतकी वर्षं ज्याने जिंकून दिलं, त्याला एकानेही विचारलं नाही की बाबा, हे ओझं तुला झेपतंय का.

विचारलं ते एकट्या आत्याने. आईबापांमागे दौलूला तिनेच वाढवला होता. तिच्याकडे एकच गाय होती, कपिला, आणि ती गाभण होती.

"ह्यानं एकदा तरी मारून बघितलंस का?" आत्याने विचारलं.

"बघायचं काय त्यात? दांडू हाय."

"तुझा खेळ मनगटाचा. हे खांद्यानं मारायचं लाकूड. तुझा खांदा मला ठावं न्हाई व्हय?"

"म्हंजी तुला बी मी रवीवालाच वाटतो."

"मला तू जिंकनारा वाटतोस. रवीनं जिंक न्हाईतर लाटण्यानं जिंक. माझ्या गाईला गवत पायजे."

"समद्या बाजारानं हसायचं आन् मी गप ऐकायचं?" दौलू ओरडला आणि खैराचा दांडू घेऊन बाहेर पडला. लिंबाचा दांडू त्याने चुलीजवळच्या सरपणात फेकला होता. आत्याने तो उचलला नाही. तीही त्याच्याइतकीच संतापली होती.

खेळाच्या दिवशी दोन्ही गावं पठारावर लोटली. आधी हैबती खेळला. त्याची विटी पठारावरच्या एकट्या पळसाच्या झाडाच्या अलीकडेच पडली. पळसाच्या पलीकडे विटी घालवणं दौलूच्या हातचा मळ होता. खालच्या गावाने आत्ताच हसायला सुरुवात केली.

दौलूने खैराचा दांडू उचलून विटीच्या टोकावर टोला दिला. हलकी टिचकी त्या लाकडाला ठाऊकच नव्हती. विटी डोक्याच्या वर उडाली. दौलूने दांडू फिरवला, पण दांडू वर येईपर्यंत विटी खाली पोचली होती. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं. "जोरात, अजून जोरात," त्याच्याच गावचे लोक ओरडत होते. त्यांच्या तोंडाला तरी कुणी आवरायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी दौलूने सगळा राग खांद्यात आणला आणि विटी दांडूवर बरोबर बसली. केवढा आवाज झाला. विटी उंच गेली, पळसाच्याही वर गेली. बाजारात हसणारी सगळी तोंडं त्या क्षणी दौलूच्या डोळ्यांपुढे होती, आणि तो सुखावला. पण उंच गेलेली विटी खाली यायला वेळ लावते. हैबती आधीपासूनच खूप मागे जाऊन उभा होता. त्याने दोन पावलं सरकून ओंजळ पुढे केली आणि विटी अलगद तिच्यात घेतली.

दौलू त्याच्यावर चालून गेला. "बाजारात तू मुद्दाम बोललास."

"व्हय," हैबती शांतपणे म्हणाला. "तुझा त्यो लिंबाचा दांडू आमाला झोप लागू देत नव्हता. तुझी विटी सरपटत यायची, आमी वाकस्तवर मागं गेल्याली असायची. दांडू चोरला असता तर तू दुसरा तसलाच केला असतास. म्हनून आमी नुसतं हसलो. बाकीचं समदं तूच केलंस, दौलू."

दौलूने खैराचा दांडू धोंड्यावर आपटला. दांडू मोडला नाही, मनगट मात्र चांगलंच लचकलं. हैबतीचा गळा धरावा असं त्याला वाटत होतं. पण हैबतीने कुठला नियम मोडला होता? दांडू बदलणारा हात दौलूचाच होता, आणि या रागाला जायला दुसरी जागा नव्हती.

खालच्या गावाने गुरं हाकून लांबच्या खोऱ्यात न्यायचं ठरवलं. कपिलेला तेवढं चालवणार नव्हतं. आत्या तिला घेऊन पठारावर गेली आणि तिने तिचं दावं हैबतीच्या हातात दिलं.

"हिला चारा घाल," ती म्हणाली. "गाय बी तुझी, वासरू बी तुझं. जगू दे म्हंजी झालं."

हैबतीने खाली मान घालून दावं घेतलं. त्या वेळी तो हसला नाही.

दौलू मागून धावत आला. "आत्या, गाय द्यायच्या आधी मला इचारायचं तरी."

"दांडू बदलताना तू माझं ऐकलं हुतंस?" आत्या म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता उतार उतरू लागली.

त्या वर्षी कपिला पठारावर व्याली. वासराचं हंबरणं खालच्या गावात ऐकू यायचं, आणि ते ऐकू आलं की आत्या घराचं दार लावून घ्यायची.

हत्यार निवडताना आपल्या हाताला विचारावं, लोकांच्या तोंडाला नाही.