जोकर मासा आणि समुद्रफुलाचे बिऱ्हाड

मुलांनो, समुद्र पाहायचा तर दिवसभर एसटीत बसावे लागेल अशा एका दूरच्या गावात, हेमांगी दिघे नावाच्या बाईंच्या घरी, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत एक जोकर मासा राहत असे. अंग नारिंगी, त्यावर पांढरे पट्टे आणि स्वभाव असा उतावळा की एका जागी टिकणे त्याला ठाऊकच नव्हते. टाकीत मीठ कालवलेले पाणी होते, ते खेळते ठेवणारा पंप होता, खडक होते, वर प्रखर दिवा होता. पण जोकर माशाला आपले म्हणावे असे घर नव्हते. त्याच्या जातीचे मासे समुद्रफुलाच्या कुशीत राहतात. समुद्रफूल म्हणजे झाड नव्हे हं, तो एक प्राणीच आहे. खाली खडकाला धरून ठेवणारा मऊ पाय, वर मधोमध तोंड आणि तोंडाभोवती डोलणारी कितीतरी बोटे. ती बोटे इतर माशांना डसतात. जोकर माशाला मात्र एकदा ओळख पटली की डसत नाहीत. असे घर नसल्यामुळे हा बिचारा पंपामागच्या कोपऱ्यात अंग चोरून पडे आणि जरा खुट्ट झाले की दचकून उठे.

एके सकाळी हेमांगीबाईंनी एक समुद्रफूल आणले. आधी त्यांनी त्याची पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि टाकीतले पाणी थोडेथोडे करून तिच्यात मिसळले. नव्या पाण्याची सवय नसेल तर समुद्रफूल दगावते. जोकर मासा पिशवीभोवती नुसता गरगर फिरत होता. "सोडा ना! लवकर सोडा ना!" तो ओरडत होता, पण काचेबाहेर कुणाला ऐकू जाणार? खाली वाळूत रिकाम्या शंखात राहणारा म्हातारा खेकडा मात्र ऐकत होता. तो म्हणाला, "अरे, परक्या ठिकाणी आले आहे ते. उजेड कुठे, पाण्याची ओढ कुठे, हे त्याचे त्याला चाचपू दे."

समुद्रफूल पिशवीतून बाहेर आले ते आक्रसून, मुठीएवढे होऊन. ते हळूहळू सरकत एका कपारीपाशी पोचले आणि त्याने पाय आत घातला. एवढ्यात जोकर मासा तिथे हजर! बोटांचा पहिला चटका बसला तरी त्याने माघार घेतली नाही. अंग घासून घासून त्याने ओळख करून घेतली आणि लगेच म्हणाला, "इथे फार अंधार आहे. वर चल."

"मला जरा बसू दे," समुद्रफूल म्हणाले.

"मी कुठे नको म्हणतो? पण चांगल्या जागी बस ना!"

आणि तो त्याला ढुसण्या देऊ लागला. कंटाळून समुद्रफुलाने पाय सोडला आणि ते वरच्या खडकावर गेले. तिथे पाण्याचा जोर पाहून माशाचे मन पुन्हा पालटले. "इथून वाहून जाशील. खाली चल." खाली आले तर म्हणाला, "इथे वाळू उडते. पलीकडे चल." हेमांगीबाईंनी चिमट्याने कोळंबीचा एक तुकडा समुद्रफुलाला भरवला, तर या पठ्ठ्याने आपल्या वाटणीचाही तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. दमलेल्या समुद्रफुलाला तो पचला नाही, त्याने सगळेच ओकून टाकले. मासा आणखी घाबरला आणि आणखी जवळ घुटमळू लागला.

दोन-तीन दिवस बाहेरही तेच चालले होते. हेमांगीबाईंना समुद्रफूल सोफ्यावरून दिसायला हवे होते. त्यांनी टाकीत हात घातला आणि ते अलगद सोडवून मधल्या खडकावर ठेवले.

त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, परवा तिकडे होतं, काल इकडे. बसू दे की त्याला कुठेतरी."

"पण आई, तिथे ते दिसतच नाही हो."

"ते आपल्याला दिसायला आलंय की जगायला?"

तरी हेमांगीबाईंचा जीव काही स्वस्थ बसेना. दुपारी त्यांनी खडकच फिरवून ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी समुद्रफुलाने पाय सोडला तो पुन्हा कुठेच टेकला नाही. धरून ठेवायला त्याच्यात बळच उरले नव्हते. ते पाण्यात उलटेसुलटे होत तरंगत पंपाकडे चालले. पंपाची जाळी पाणी जोराने ओढत होती. जोकर मासा मागे धावला. "तिकडे नको! तिकडे नको!"

"माझ्या हातात आता काही नाही," समुद्रफूल म्हणाले आणि त्याची दोन-तीन बोटे जाळीत खेचली गेली.

मुलांनो, समुद्रफूल पंपात चिरडले तर एकटे मरत नाही. त्याच्या अंगातले विष पाण्यात मिसळते आणि सगळी टाकी मरते. म्हातारा खेकडा शंखात शिरून बसला. टाकीतल्या छोट्या जिवंत कोळंब्या खडकामागे पळाल्या. जोकर मासा मात्र सरळ जाळीवर गेला आणि समुद्रफूल नि जाळी यांच्या फटीत त्याने आपले अंग आडवे घातले. पाणी त्याला जाळीवर दाबू लागले. शेपटीचे टोक आत ओढले गेले आणि फाटले. तरी तो हलला नाही.

"आई, पंप! पंप बंद करा!" हेमांगीबाईंची किंकाळी ऐकताच सासूबाईंनी बटण दाबले. पाणी थांबले. समुद्रफूल सुटले आणि तळाशी कोसळले. हेमांगीबाईंनी लगबगीने थोडे पाणी बदलले, पंपाच्या जाळीवर जाड स्पंज बांधला आणि मगच पंप पुन्हा सुरू केला. समुद्रफूल उचलून सुरक्षित जागी ठेवावे म्हणून त्यांनी बाही वर केली, मग ती पुन्हा खाली ओढली.

"आता नाही लावत हात," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

समुद्रफुलाचे तोंड उघडे पडले होते, बोटे सुरकुतली होती. जोकर मासा खेकड्याकडे गेला. "आजोबा, मी काय करू?"

"काही करू नकोस."

"काही नको म्हणजे नेमके काय करू?"

"लांब थांब. बघत राहा. बोलावले तर जा."

इतके अवघड काम त्याला आजवर कुणी सांगितले नव्हते. तो चार वेळा निघाला आणि चार वेळा परत फिरला. समुद्रफूल सरकू लागले तेव्हा तर त्याला राहवेना, कारण ते जात होते ती जागा त्याला मुळीच पसंत नव्हती. खडकाच्या मागच्या अंगाला, वाकडी, अरुंद कपार होती ती. तो काचेला तोंड लावून पाण्यात धडपडत राहिला, पण गेला नाही. समुद्रफुलाने कपारीत पाय खोल रोवला. तिथून वाकून बोटे उजेडात काढली. मागून येणारे पाणी त्याला हलकेच झुलवत होते. हळूहळू त्याचे तोंड मिटले, बोटे फुगली, अंगावर तकाकी आली. हेमांगीबाई रोज वाफेने उडालेल्या पाण्याइतके गोडे पाणी टाकीत घालत, अधूनमधून कोळंबीचा बारीक तुकडा देत आणि मागे होत.

पुष्कळ दिवस असे गेले. मग एका सकाळी मासा पाहतो तो काय, समुद्रफूल दोन्ही बाजूंना ताणले गेले आहे! मधोमध चिरत चालले आहे! "मरते आहे ते!" तो किंचाळला आणि दोन्ही बाजू एकत्र दाबून धरायला धावला. अगदी जवळ गेल्यावर तो थबकला. त्याने घाबऱ्या आवाजात विचारले, "तुला दुखते आहे का? मी येऊ?"

"आत्ता नको," समुद्रफूल म्हणाले. "मी एकाचे दोन होते आहे. थांब."

तो थांबला. दुपारपर्यंत शेवटचा धागा तुटला आणि एका समुद्रफुलाची दोन झाली. हेमांगीबाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरातून ओढत आणले.

"यातलं एक सुमनला देशील ना?" सासूबाईंनी विचारले. सुमन म्हणजे हेमांगीबाईंची बहीण. तिच्याकडेही अशीच टाकी होती.

"देईन. पण आत्ता नको. जखम भरू दे, दोघांना धड खाता येऊ दे."

आणि टाकीत, जोकर मासा अजून थांबूनच होता. एवढ्यात दोहोंतल्या मोठ्या समुद्रफुलाने आपली बोटे उलगडली आणि म्हटले, "आता ये."

मासा सावकाश गेला. बोटांच्या गादीत शिरला, एकदा वळला, दोनदा वळला आणि निवांत झोपला. काचेच्या अलीकडे सासू-सुना, त्याची झोप मोडू नये म्हणून, कुजबुजत बोलत होत्या.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे त्याची काळजी जरूर घ्यावी, पण त्याने कुठे आणि कधी मूळ धरायचे हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.