विषय बांधाच्या भेगेचा

विषय : तळ्याच्या बांधाला पडलेली भेग बुजवण्याबाबत.
संदर्भ : चिचुंद्रीचा तोंडी अर्ज.

बालमित्रांनो, वरील विषयाबाबत कळवण्यात येते की, एका जंगलात तळ्याच्या बांधाखाली एक चिचुंद्री राहत असे. बाकीचं जंगल खडकाळ. बीळ करण्याजोगी माती तेवढी तिथंच. बिळात डोळे नुकते उघडलेली पिल्लं आणि डोक्यावर भेग. चिचुंद्री घडोघडी भिंतीला नाक लावून ओल किती चढली ते पाही आणि पिल्लांना कोरड्या कोपऱ्यात सरकवी. कोपरे संपत आले, तेव्हा ती शेजारच्या गुहेतल्या कोल्ह्याकडे गेली. तो जंगलसभेचा सभासद होता.

"कोल्हेदादा, बांध फुटला तर माझी पिल्लं वाहून जातील हो!"

"रडू नका, बाई. मला तुमच्या ओलीची संपूर्ण कल्पना आहे," कोल्हा शेपटी सावरत म्हणाला. "पण तळ्यात पाणी येतं पलीकडच्या जंगलातून. दोन जंगलं आली की तो महासभेचा विषय. मी तिथं असतो तर..."

तेवढा 'तर' घेऊन चिचुंद्री पळत सुटली. झाडाझाडाखाली ती ओरडली, "कोल्हेदादांना वर पाठवा!" "नक्की किती वर?" असं कासवानं विचारलं, पण मत त्यानंही दिलं. कोल्हा महासभेवर निवडून आला आणि गुहा बंद करून सहकुटुंब दूरच्या टेकडीवर राहायला गेला. चिचुंद्री तिथंही पोचली. पिल्लं मागे, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून रांगेनं.

"साहेब, आता तरी!"

"बाई, पाणी महासभेचं, हे खरंच. पण भेग काय पाण्याला पडलीय? भेग पडलीय मातीला, आणि माती हा जंगलसभेचा विषय. तसं मी कालच सभेत ठासून सांगितलं. काय बाकं वाजली म्हणता!"

पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. बायकापोरांसह गुहेत परतले, टेकून बसले आणि ताडकन उठले. शेपटी भिजली होती. कोल्हा तसाच जंगलसभेच्या नव्या सभासदाकडे, मोराकडे, धावला. मागोमाग चिचुंद्री.

"मोरसाहेब, भेग बुजवा! घरात पोरं आहेत माझी!"

"कोल्होबा, तुम्ही जंगलसभेत म्हणालात, महासभेचा विषय. महासभेत म्हणालात, जंगलसभेचा," मोर पिसारा न हलवता म्हणाला. "आपल्यासारख्या ज्येष्ठांचा शब्द मी कसा मोडू? आणि तिसरी सभा आणू कुठून?"

दोघं परतले. बांधाखाली आता पावलं चिकचिकत होती. कोल्ह्यानं भेगेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चिचुंद्रीताई, पोरांना ते शेपटी धरून चालायला कसं शिकवलंत?"

"रडू नका, कोल्होबा," चिचुंद्री पिल्लं मोजत म्हणाली. "मला तुमच्या ओलीची संपूर्ण कल्पना आहे."

तात्पर्य : काम टाळण्यासाठी काढलेली पळवाट आपल्याच दारात येऊन संपते.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.