खारट लागलेलं पोतं

एका बंदरगावात धाकू नावाचा एक माल रचणारा होता. गलबताच्या पोटात कोणतं पोतं वर, कोणतं खाली, मध्ये चटई कुठे, हे सारं तोच ठरवी. पण हळदीच्या त्या फेरीत मिठाची पोती नेमकी कुठे ठेवली, हे त्याला काही केल्या आठवेना. हळदीशेजारी? की थेट हळदीवर? मीठ उशिरा आलं होतं, ओहोटी लागायच्या आत गलबत हाकारायचं होतं, आणि जो तो घाई करत होता.

आता आठवणं भाग होतं. मीठ वाटेतल्या एका खाडीत उतरवलं, पण पुढच्या बंदरात हळदीची पोती उघडली तर आत हळकुंडं ओली. घेणाऱ्याने सगळा माल त्याच गलबतातून परत धाडला.

हळदीचे मालक नरशीशेट गलबत चालवणाऱ्या तांडेलावर, भिवावर, उखडले. "तू मालावरचं झाकण नीट बांधलं नाहीस. समुद्र आत आला."

बंदराची एक जुनी रीत होती. माल भिजला की पंचांनी पोतं चाटून बघायचं. अळणी लागलं तर पावसाचं पाणी. त्याला कोण काय करणार? खारट लागलं तर समुद्राचं. मग दोष तांडेलाचा, आणि गलबत त्याच्या हातून जायचं.

म्हाताऱ्या पंचाने पोतं चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट."

भिवाचा चेहरा उतरला. "काका, एक लाटसुद्धा आत आली नाही. झाकण मी माझ्या हातांनी बांधलं होतं."

"हात तुझे, पण जीभ माझी आहे, भिवा."

धाकू गर्दीत मागे उभा होता. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं, हे त्याला पक्कं ठाऊक. मीठ वर असेल तर पोतं खारट लागणारच. पण ते वर होतं का? आठवत नाही, एवढं मनाशी म्हटलं की गप्प बसायची छान सोय होती. शिवाय रचणाऱ्याला एकदा बोल लागला की पुढे कोणी त्याला गलबतावर पाय ठेवू देत नसे. धाकूचा पाय तीनदा पुढे झाला आणि तीनदा मागे आला. चौथ्यांदा मात्र धाकू पुढे आलाच.

"काका, मीठ मी हळदीवर रचलं असणार."

"असणार म्हणजे?"

"नक्की आठवत नाही."

शेट हसले. "आठवत नाही, तर कबूल कशाला करतोस?"

"भिवाला सगळं आठवतंय आणि तो नाही म्हणतोय. मला काहीच आठवत नाहीये. मग खोट कोणाकडे असेल, शेट?"

यावर पंचालाही हसू आलं. धाकू म्हणाला, "हळद ओली आहे, अजून कुजलेली नाही. आठ दिवस भांडत बसलो तर कुजेल. आज गोड्या पाण्यात धुतली तर वाळेल. मी धुतो."

पहिलं पोतं उचलायला भिवाच पुढे आला. मग बायाबापड्या आल्या, खलाशी आले. किनारा पिवळा झाला, कुत्री पिवळी झाली, पंचाची दाढीही पिवळी झाली. पाचव्या दिवशी शेटनी एक हळकुंड मोडून पाहिलं. ते खटकन मोडलं.

"पुढचा माल तूच रच," भिवा धाकूला म्हणाला. "फक्त कुठे काय ठेवलंस, ते मला सांगून जा."

धाकूच्या मनातली शंका मात्र गेली नाही. बारा वर्षांनी त्या फेरीतला काशा खलाशी त्याला बाजारात भेटला, तेव्हा धाकूने विचारलंच.

"मीठ हळदीवरच होतं," काशा म्हणाला. "मी त्यावरच झोपलो होतो. पाठ ओली झाली होती, आणि खालून हळदीच्या वासाने शिंका येत होत्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? झोपलो तेव्हा माझी पहाऱ्याची पाळी होती."

तात्पर्य: चूक वेळेवर सांगितली तर नुकसान वाळवून घेता येतं, लपवली तर मालही कुजतो आणि माणूसही. आपल्या चुकीची खात्री नसेल, तर निदान शंका तरी बोलून दाखवावी.