पोरीएवढी माती

“…मग हात टेकायचे नाहीत, तर ठेवायचे कुठे?”

इंद्रजित पैलवानानं हे हिंदुराव वस्तादांना विचारलं, तेव्हा मी तालमीच्या कट्ट्यावर चहा पीत होतो. माझं दुकान तालमीला लागूनच आहे. गाडीची कव्हरं, आरसे, पायपुसणी, सगळं ठेवतो. शाळा चौथीपर्यंतच झाली. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

वस्तादांनी उत्तराऐवजी आपले हात पुढे केले. दोन्ही मनगटं वाकडी. ऐन उमेदीत मैदान मारून परतताना त्यांची जीप पुलाच्या कठड्यावर गेली होती. धडक बसणार हे दिसलं आणि त्यांनी दोन्ही हात ताठ करून समोर टेकले. जीपचं फारसं काही झालं नाही. वस्ताद मात्र त्यानंतर कधी लढले नाहीत.

“ते माहीत आहे,” इंद्रजित म्हणाला. “म्हणून तर विचारतोय.”

कारण असं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सात महिन्यांच्या मुलीचं जावळ होतं, डोंगरावरच्या देवाला. घाटाचा रस्ता. गाडी मेव्हणा चालवणार. पोरगी पुढच्या सीटवर, इंद्रजितच्या मांडीवर. मेव्हण्याचा हात नवीन, म्हणून मनात धाकधूक. पडायचं कसं हे या वस्तादांनीच त्याला शिकवलेलं. तेव्हा गाडी धडकलीच तर अंग कसं ठेवायचं, हेही तेच सांगतील असा त्याचा हिशेब.

मी मध्ये तोंड घातलं. लहान मुलांची एक सीट माझ्याकडे वर्षभर पडून आहे, म्हटलं, घेऊन जा. तो हसला. म्हणाला, शेठ, तुम्हाला माल खपवायचाय.

खोटं कशाला बोलू, तेही होतंच. त्याच्या गाडीतला पट्टा लावला नाही की वाजणारा आवाज बंद करायची क्लिपही मीच त्याला विकली होती. त्या वेळी त्यानं असं काही विचारलं नव्हतं आणि मीही काही सांगितलं नव्हतं.

“माझ्या पकडीतून आजवर कोण सुटलाय का, वस्ताद?”

“नाही सुटला.”

“मग पोरगी कशी सुटेल?”

वस्तादांनी जुना पंचा त्याच्या अंगावर टाकला. “आखाड्यातली माती काढ. तुझ्या पोरीएवढी.”

इंद्रजितनं माती भरली, गाठ मारली, बोचकं दोन्ही हातांवर तोललं. जरा थांबला. गाठ सोडून आणखी दोन ओंजळी टाकल्या. पुन्हा तोललं.

“आता झाली.”

तो आत हात धुवायला गेला, तेवढ्यात वस्तादांनी माझ्या कानात एक गोष्ट सांगितली आणि माझी गाडी काढायला लावली.

कारखान्याच्या मागं मोठं मैदान आहे. हंगामात तिथं उसाच्या गाड्या लागतात, एरवी कुत्रंही फिरकत नाही. मी स्टिअरिंगवर, इंद्रजित माझ्या शेजारी, वस्ताद मागे. सवयीप्रमाणे इंद्रजित सीटवर मांडी घालून बसला आणि बोचकं मांडीत घेतलं.

“पाय खाली,” वस्ताद म्हणाले. “दोन्ही तळवे टेकव.”

त्यानं टेकवले.

“कंबर मागे सार. पाठ सीटला लागू दे. डोकंही मागच्या उशीला.”

पट्टा त्यांनी स्वतः पुढे वाकून लावून दिला. वरची पट्टी गळ्याखालच्या हाडावरून, खालची पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. बोचकं पट्ट्याच्या आत घेतो, असं इंद्रजित म्हणाला. वस्ताद म्हणाले, मग तुझं सगळं वजन तिच्यावर येईल, ती बाहेरच राहू दे.

“आणि हात?”

“तुझे हात पोरीसाठी आहेत ना? तिला धर.”

त्यानं धरलं. दंडाच्या शिरा वर आल्या.

“एवढंच, वस्ताद? हे तर सोपं आहे.”

“सोपंच आहे.”

मी गाडी सोडली. वीस-पंचवीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. वस्तादांनी त्याला गेल्या वर्षीच्या सांगोल्याकडच्या कुस्तीचं विचारलं. इंद्रजित रंगात येऊन सांगू लागला, गड्याला कसा गुडघ्याखाली घेतला, कसा दाबून धरला. बोचकं तसंच छातीशी. तिसरी फेरी अर्धी झाली असेल…

वस्ताद मागे खाकरले.

ठरल्याप्रमाणे मी ब्रेकवर उभा राहिलो.

गाडी जागेवर थांबली. पट्ट्यानं इंद्रजितला सीटला बांधून ठेवलं होतं. बोचकं समोर आदळून फुटलं होतं. काचेवर, माझ्या नव्या पायपुसण्यावर, त्याच्या बुटांवर, सगळीकडे लाल माती.



इंद्रजितचे दोन्ही हात ताठ होते. तळवे डॅशबोर्डवर टेकलेले. तो त्या हातांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

“तुला काही लागलं?” वस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“मानेला?”

“नाही.”

“मग अंग बरोबर ठेवलं होतंस. तू तेच विचारलं होतंस.”

इंद्रजित म्हणाला, “आधी सांगितलं असतंत तर सोडली नसती, वस्ताद.”



काचेवरची माती खाली घसरत होती. इंद्रजितनं हात हळूच मागे घेतले. माझ्याकडे न बघता विचारलं, “शेठ, ती सीट… आहे का अजून?”

आहे म्हटलं. मागच्या सीटवर, पोरीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून मी स्वतः बसवून देतो, आणि ती क्लिप तेवढी मला परत दे.

त्यानं मान हलवली. पट्टा सोडला. मग खाली वाकला आणि फाटक्या पंच्यात माती भरू लागला. ओंजळीनं, सावकाश, पायाखालची, सीटच्या फटीतली. बुटांवरची झाडून घेतली. एक कण राहू देईना.

वस्तादांनी मागून आपला वाकडा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

“राहू दे. माती आहे ती.”